मातीच्या बारा चिमण्या

कपबश्यांच्या कारखान्यात तिचं काम एकच होतं, कपाला कान लावायचा. म्हणून सगळे तिला कानवाली म्हणत, आणि निवृत्त झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. बाहेरच्याला वाटतं, त्यात काय मोठं. साच्यातून निघालेला कप घ्यायचा, साच्यातून निघालेला कान घ्यायचा, दोन ठिकाणी पातळ मातीचा थेंब लावायचा आणि दाबायचा. तसं नसतं. कप ओला असला तर कान दाबताना त्याचं तोंड वाकडं होतं. कोरडा असला तर कान आज बसतो आणि भट्टीत सुटतो. मधली वेळ थोडी असते, आणि ती घड्याळ सांगत नाही, अंगठा सांगतो. कानवालीचा अंगठाही कधीकधी चुकायचा. चुकला की ती तो कप आपल्या हाताने मोडून परत मातीच्या पिंपात टाकायची, मुकादमाने बघायची वाट पाहायची नाही. शेजारची कुणी म्हणाली, "चालतंय की गं," तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "चालत असेल तर तुझ्या घरी चालव."

लेक लहान असतानाच नवरा गेला. त्यानंतर तिने दोन पाळ्यांचं काम अंगावर घेतलं, आणि त्या वर्षांत लेकीच्या वाट्याला आई अशी आलीच नाही. पोरगी शेजारणीकडे वाढली. कानवाली घरी यायची तेव्हा बोटं आखडलेली असायची, पाण्याचा तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे. लेक म्हणायची, "आई, गोष्ट सांग," आणि आईचा डोळा पहिल्या वाक्यालाच लागायचा. कशीबशी लेक शिकली, दवाखान्यात नोकरीला लागली, पण ती गोष्ट राहून गेली.

गोष्ट तरी कानवालीकडे एकच होती. तिच्या आजीची. आजी विटा पाडायची, आणि पाडता पाडता सांगायची. लहानपणी येशू ओढ्याकाठी खेळत होता. दिवस देवाचा, म्हणजे कुणी कामाला हात लावायचा नाही असा. पोराने ओल्या मातीच्या बारा चिमण्या केल्या. कुणीतरी जाऊन त्याच्या बापाकडे, सुताराकडे, चुगली केली, तुझा मुलगा सुट्टीच्या दिवशी काम करतोय. सुतार तणतणत आला. पोराने टाळी वाजवली, म्हणाला, "जा," आणि बाराच्या बारा चिमण्या चिवचिवत उडून गेल्या.

ही गोष्ट कानवालीने लहानपणी एकदा चर्चच्या रविवारच्या वर्गात सांगितली, तर शिकवणाऱ्या बाईंनी तिला खाली बसवलं. हे शास्त्रात नाही, बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत कुठे नाही, पुन्हा सांगायचं नाही. कानवालीने ते मनाला लावून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं. शास्त्रातली नाही, म्हणजे घरातली. ससा-कासवाच्या गोष्टी असतात तशीच ही.

लेकीने लग्न ठरवलं ते बस चालवणाऱ्या मुलाशी. मुलगा मुसलमान. दोन्हीकडे थोडे दिवस भांडी आपटली, मग लोकांना कंटाळा आला. जावई मोठा सरळ माणूस. बस चालवून चालवून घरीसुद्धा वळायच्या आधी इशारा द्यायची सवय लागलेली. "आई, मी आता जरा स्पष्ट बोलणार आहे," असं म्हणून मगच स्पष्ट बोलायचा. त्याने आणि लेकीने लग्नाआधीच दोन्ही आयांना समोरासमोर बसवून करार केला. मूल झालं तर ते मोठं होऊन स्वतः काय ते ठरवेल. तोवर कुणीही त्याला आपल्या ग्रंथातली गोष्ट सांगायची नाही. सांगितली, तर त्या आजीकडे मूल पाठवणं बंद.

दोघी हो म्हणाल्या. एकमेकींवर भरवसा नव्हता, म्हणून जरा जोरातच म्हणाल्या.

नात झाली. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिचं नाव पडलं बटण. शनिवारी बटण कानवालीकडे, बुधवारी विहीणबाईंकडे. विहीण गाद्या शिवायची. गल्लीच्या टोकाला तिची एक खोली, त्यात कापूस, लांब सुया, मेण लावलेला दोरा. बटण दोघींनाही आजीच म्हणायची.

कानवालीने करार पाळला तो कान लावावा तसा, सांध्यात फट न ठेवता. जेवणाआधीची प्रार्थना ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून, ओठ न हलवता करी. पवित्र शास्त्र कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं. एकदा बटणने क्रुसाकडे बोट दाखवून विचारलं, हे काय, तर कानवाली म्हणाली, "ते तुझ्या आईला विचार." लेक म्हणाली, "आई, एवढंही नको." कानवाली म्हणाली, "ठरलं ते ठरलं."

बटण पाच वर्षांची झाली तेव्हा कानवालीने कारखान्यातून मातीचा गोळा आणला. भट्टीवाला तिच्या ओळखीचा. पोरीला तिने आधी मळायला लावलं. "नुसती थोपटू नकोस. तळहाताच्या टाचेने रेट. वळव. पुन्हा रेट." बटणने बरंच रेटलं, मग विचारलं, "किती वेळ?" "माती पुरे म्हणेपर्यंत." बटणने मातीला कान लावून ऐकलं. माती काही बोलली नाही, तेव्हा तिने अजून थोडं रेटलं. आणि हात चालू असताना कानवालीच्या तोंडून आजीची गोष्ट आपोआप निघाली. नाव तिने घेतलं नाही. एक मुलगा होता, सुताराचा, एवढंच. लेकीला द्यायची राहिलेली गोष्ट नातीला दिली, हे तिला घरी परतल्यासारखं वाटलं. त्या रात्री ती नेहमीपेक्षा लवकर झोपली.

पुढच्या शनिवारी लेक बटणला सोडायला आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "आई, एक झालंय. अम्मींचा बुधवार बंद केलाय."

"का गं?"

"त्यांनी करार मोडला. सोमवारी जेवताना बटणने पावाच्या आतल्या मऊ भागाचा पक्षी केला आणि म्हणाली, आता हा खरा होणार. यांनी विचारलं, कुणी सांगितलं. म्हणाली, आजीने. एक मुलगा मातीचा पक्षी करतो आणि तो जिवंत होतो. ही त्यांच्या कुराणातली गोष्ट आहे, आई. हे लगेच ताटावरून उठले, आईकडे गेले, बोलून आले."

कानवाली हातातलं फडकं पिळत होती, ती तशीच थांबली. "अगं, पण ती मी सांगितली."

लेकीने तिच्याकडे बघितलं, मग हसली. "तू नको मध्ये पडूस. तुला कुठून येणार कुराणातली गोष्ट?"

"कुराणातली कशी असेल? माझ्या आजीची आहे."

"मला कशी माहीत नाही मग?"

यावर कानवालीला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "तू झोपायचीस." आणि जरा थांबून, "म्हणजे मी झोपायचे."

लेकीने जावयाला सांगून पाहिलं. तो संध्याकाळी दारात उभा राहिला आणि इशारा देऊनच बोलला. "आई, मी जरा स्पष्ट बोलतो. तुम्ही अम्मीला सांभाळून घेताय, तुमचं मन मोठं आहे. पण ही गोष्ट बायबलमध्ये नाही. मी लग्नाआधी शोधून शोधून वाचलंय."

"नाहीच आहे. म्हणून तर सांगितली."

जावयाला हे अजिबात पटलं नाही, आणि त्याची चूक म्हणता येत नव्हती. कानवाली मात्र चिडली, ती स्वतःवर. कपाचा कान सुटला आपल्या हातून, आणि रोजी कापली गेली दुसरीची. असं काम तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर तिने फादरना गाठलं. फादर म्हातारे, गुडघ्यांनी बेजार, पायरी उतरताना कुणाचा तरी खांदा लागे. कानवालीने खांदा दिला आणि पायऱ्या संपायच्या आत विचारलं.

"मातीच्या चिमण्या?" फादर म्हणाले. "माझ्या आईनेही सांगितली होती. येशूच्या लहानपणाच्या अशा पुष्कळ गोष्टी फार जुन्या काळी लिहिल्या गेल्या. चर्चने चार शुभवर्तमानं धरली, बाकीची बाहेर ठेवली. पण लोक काही सांगायचे थांबले नाहीत. आणि कुराणातही तो पक्षी आहे, हे खरं."

"मग गोष्ट कुणाची?"

"हे मोठ्या सभांमध्ये विद्वान लोक एकमेकांना विचारतात," फादर म्हणाले. "चहा फार चांगला असतो तिथे. अजून दोन पायऱ्या आहेत ना?"

तिथून कानवाली सरळ विहीणबाईंच्या खोलीवर गेली. गादीवाली जमिनीवर बसून गादीला टाके घालत होती. पापण्यांवर कापूस बसला होता. तिने मान वर केली नाही.

"या विहीणबाई. गादी करायचीय का? बाकी कामासाठी माझ्याकडे कुणी येत नाही सध्या."

"चूक माझी आहे, ते सांगायला आले."

"टाका पुरा होऊ दे." गादीवालीने सुई आरपार घातली, दोरा ओढला, गाठ मारली, दाबून बघितली. कानवालीला ते आवडलं. राग आला म्हणून टाका सैल सोडला नाही. "हं. बोला."

कानवालीने सगळं सांगितलं. ओढा, बारा चिमण्या, चुगली, सुतार, टाळी. गादीवाली ऐकता ऐकता सुई खाली ठेवून बसली.

"आमच्यात ओढा नाही," ती म्हणाली. "सुतारही नाही. बारा नाहीत. इसा, म्हणजे तुमचा येशू, सांगतो, मी मातीचा पक्ष्यासारखा आकार करतो, त्यात फुंकर घालतो, आणि अल्लाच्या परवानगीने तो पक्षी होतो. टाळीबिळी काही नाही. फुंकर, आणि परवानगी."

"मग हे पोराला सांगायचं नाही का तुम्ही?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. तो विचारायला आलाच नव्हता, निकाल सांगायला आला होता. आयुष्यभर सगळ्यांना इशारा देतो, आईवर मात्र गाडी सरळ घातली." तिने पापणीवरचा कापूस पुसला, म्हणजे निदान कापूसच पुसला असं दाखवलं. "बुधवारी मी दुपारनंतर काम घेत नाही. या बुधवारीही घेतलं नाही. नुसती बसून राहिले."

"चला माझ्याबरोबर."

"मी का जाऊ? मी मोडलं का काही?"

"तुम्ही फक्त बसा. बोलायचं काम माझं."

"ते तर तुम्हाला जमतंच," गादीवाली म्हणाली, आणि उठून चप्पल शोधू लागली.

जावई नुकताच पाळी संपवून आला होता. दोन्ही आया एकदम दारात बघून त्याने हातातलं पाणी खाली ठेवलं. लेकीने मुकाट्याने दोन खुर्च्या ओढल्या. कानवाली बसलीच नाही. तिने बटणला बोलावलं आणि म्हटलं, "ती मातीच्या पक्ष्यांची गोष्ट सांग बाबांना. पहिल्यापासून. गाळायचं काही नाही."

बटणने गाळलं तर काहीच नाही, उलट चार गोष्टी घातल्या. सुताराला मिशी आली. चुगली करणारा माणूस शेजारचा दुकानदार झाला. पण ओढा होता, सुट्टीचा दिवस होता, चिमण्या बरोबर बारा होत्या, आणि शेवटी तिने दोन्ही हात लांब करून फाडकन टाळी वाजवली.

"टाळी?" जावई म्हणाला. "फुंकर नाही मारली त्याने?"

"नाही. टाळी. आजीने दाखवली."

"कुठल्या आजीने?"

बटणला हा प्रश्न बावळटपणाचा वाटला. "मातीच्या आजीने. कापसाची आजी कशाला मातीचं सांगेल?"

जावई आपल्या आईकडे बघायला लागला. ती खिडकीबाहेर बघत होती, जणू बाहेर कुणाची तरी गादी वाळत घातली होती आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं.

"अम्मी," तो म्हणाला. "मी विचारायला हवं होतं."

"हो."

"बुधवारी बटणला घेऊन येऊ?"

"बुधवारी काम आहे मला," गादीवाली म्हणाली. ती थांबली, लेकीकडे बघितलं, बटणकडे बघितलं. "सकाळी. दुपारी नाही. दुपारी आणलीस तर चालेल."

लेकीला हसू आवरेना, ती चहा टाकायला आत गेली आणि आतूनच म्हणाली, "मग आता कराराचं काय? मोडला की नाही मोडला?"

यावर बराच खल झाला. जावई म्हणाला, मोडला. कानवाली म्हणाली, आमच्या ग्रंथात नाही ती सांगितली, मोडला कसा? लेक म्हणाली, तुझ्या नाही पण त्यांच्या ग्रंथात आहे. गादीवाली म्हणाली, "म्हणजे माझी गोष्ट यांनी सांगितली, शिक्षा मी भोगली. छान."

"तुमची कशी?" कानवाली म्हणाली. "आमच्याकडे आधीपासून होती. आमच्यांनी बाहेर ठेवली, तुमच्यांनी उचलली."

 बोलून गेल्यावर कानवालीला कळलं की जोर जास्त झाला, कपाचं तोंड वाकडं झालं असणार.

"उचललेली नाही, विहीणबाई," गादीवाली शांतपणे म्हणाली. "आमच्यासाठी ते उतरलेलं आहे. वरून. हे तुम्ही मानू नका, पण माझ्यासमोर उचललं म्हणू नका."

"नाही म्हणणार," कानवाली म्हणाली. "शब्द चुकला. मोडून पिंपात टाकते."

गादीवालीने मान हलवली. लेकीने आणलेला कप पुढे ओढला. चहा कानवालीच्या कारखान्यातल्याच कपात होता. तिने कपाचा कान धरून तो एकदा हलवून बघितला, कान पक्का आहे का असा, आणि मग प्यायली.

करार शेवटी असा दुरुस्त झाला. एकीचीच असेल ती गोष्ट अजूनही बंद. दोघींची असेल ती खुली, पण दुसरी समोर असतानाच सांगायची. मग दोघी शोधायला बसल्या, दोघींचं काय काय आहे. इसाची आई मरियम दमून खजुराच्या झाडाखाली बसते आणि झाड तिला फळ देतं, हे गादीवालीने सांगितलं. कानवालीला माहीत नव्हतं. तिने फादरना विचारलं, तर ते म्हणाले, तसंच एक झाड आमच्याही बाहेर ठेवलेल्या गोष्टींत आहे, तिथे ते वाकतं. पाळण्यातलं बाळ बोलतं, तेही दोन्हीकडे निघालं. गुहेत कितीतरी वर्षं झोपलेली तरुण मुलंही निघाली. "इतकी वर्षं झोप," कानवाली म्हणाली. "दोन पाळ्या करत असणार."

एका शनिवारी गादीवाली कानवालीकडे आली. कानवालीने माती काढली, बाही वर केली. गादीवाली मागे सरकली.

"मी चिमणी नाही करणार. जीव असलेल्याचा आकार हाताने करू नये, असं माझे वडील सांगायचे. पोरीने केली तर खेळणं आहे. मी नको."

"मग काय नुसत्या बघत बसणार?"

"नुसती बसणारी बाई दिसते का मी?" तिने पिशवीतून कापूस काढला. चांगला, हाताने पिंजलेला. आणि घरटं करायला बसली. आधी बाहेरची कड, मग आतला थर, मध्ये अंगठ्याने खळगा. एकदा केलं, तिला बसकं वाटलं, उसवलं, पुन्हा केलं. कानवाली बघत होती. खोट काढण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

चिमण्या कानवालीने केल्या आणि बटणने. भरीव माती भट्टीत टिकत नाही. म्हणून कानवाली प्रत्येक चिमणी चिरून आतून कोरायची, पुन्हा जोडायची, आणि पंखाखाली सुईने एक भोक पाडायची. आतली वाफ, हवा तिथून बाहेर जाते, नाहीतर चिमणी फुटते.

"दाखवा ते भोक," गादीवाली म्हणाली. तिने चिमणी हातात घेऊन बघितली. "मग फुंकर इथून घालायची."

"हे माझ्या कधी लक्षात आलं नाही," कानवाली म्हणाली. "टाळीला भोक लागत नाही."

अकरा चिमण्या अशा झाल्या. बारावी बटणची. ती तिने कुणाला कोरू दिली नाही. "माझ्या चिमणीचं पोट नाही कापायचं." कानवालीने समजावलं, रागावली, शेवटी गादीवाली म्हणाली, "राहू द्या ना." कानवालीने राहू दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कच्चं काम भट्टीवर धाडलं.

भट्टीवाल्याने त्या एका कोपऱ्यात लावल्या. पुडकं द्यायला आला तेव्हा त्याने कानवालीला दारातच हळू सांगितलं, "एक फुटली. भरीव होती. तू कशी काय पाठवलीस अशी?" कानवालीने पुडकं घेतलं. हे ऐकायची तिची तयारी होती.

बुधवारी दुपारी गादीवालीच्या खोलीत घरटं मध्ये ठेवलं. जावई कामाच्या कपड्यांतच आला होता, लेकही दवाखान्यातून आली होती. बटणने कागद सोडला, चिमण्या एकेक करून कापसात बसवल्या. मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"अकराच आहेत."

 बटणने प्रत्येक चिमणी उलटी करून पंखाखाली बघितलं. सगळ्यांना भोक होतं.

"माझी नाहीये," ती म्हणाली. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "माझी उडाली."

कानवालीने तोंड उघडलं. भरीव माती, आतली वाफ, धग, सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. खोटं काम तिने कधी कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं. तेवढ्यात गादीवालीने गादीवर टेकलेला तिचा हात धरला, सुई धरतात तसा, सैल नाही आणि घट्टही नाही.

"विहीणबाई," ती म्हणाली, "खिडकी उघडीच ठेवू ना? ऊन चांगलं आलंय."

"ठेवा," कानवाली म्हणाली.